बोअर डायल म्हणतो ओके, प्लग गेज आत जात नाही: जॉब जास्त आवळल्याचा तोच तो प्रॉब्लेम

लेथच्या चकमध्ये (जॉब धरून फिरवणारी पकड) जॉब, म्हणजे मशीनवर बनवायचा तुकडा, असताना प्लग गेज (बोअरचं म्हणजे भोकाचं माप तपासायची दांडी) सरकन आत जातो. चक उघडला, जॉब टेबलावर ठेवला, की तोच प्लग तोंडाशीच अडतो. दोन-तीन दिवस नीट चालतं, मग एखाद्या शिफ्टला परत सुरू. कुणाकडे असं होत असेल तर आधी इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) बदलू नका, ऑफसेट मारत (टूलचं माप मशीनमध्ये पुढेमागे करत) बसू नका, प्लग गेजला शिव्या देऊ नका, आमचं हे सगळं करून झालंय आणि त्यात बराच माल भंगारात गेलाय.

जॉब तसा साधा. स्टीलचा बुश, बाहेरून १००, बोअर ८० एच ७, लांबी ४०. म्हणजे बोअरला ८०.००० ते ८०.०३० एवढीच जागा. भिंत १० मिलिमीटर, याला कोणी पातळ म्हणणार नाही, आणि तिथंच फसलो. हायड्रॉलिक चक, तीन सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कापून घेता येणारे मऊ जबडे), आधीच्या भरीव जॉबला लावलेलं १८ बार प्रेशर तसंच चालू. बोअर डायल (दोन टोकांनी समोरासमोर बोअर मोजणारं गेज) लावला की ८०.०१०, फिरवून फिरवून बघितलं तरी ८०.०१०. प्लगचा गो एंड, म्हणजे आत जायलाच हवं ते लहान टोक, काही जाईना.

पहिला संशय गरमीवर. तो अगदीच चुकीचा नव्हता, स्टीलचा जॉब १० अंश गरम असला तर ८० च्या बोअरला साधारण ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पडतो. म्हणून जॉब तासभर ठेवून दिले. डायल म्हणतो ओके, प्लग म्हणतो नाही. मग संशय प्लगवर, तो तपासणीला पाठवला, तो अगदी बरोबर निघाला. मग काही दिवस ऑफसेट वाढवून बोअर मोठा करायचा प्रकार झाला, त्यात गो जायला लागला पण डायल वरच्या लिमिटला, आणि असेंब्लीवाले म्हणायला लागले की बेअरिंग तीन जागी घट्ट बसतंय आणि मधे ढिलं. ‘तीन जागी’ हे ऐकलं तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण नाही पडला.

शेवटी दुसऱ्या लाइनवरून थ्री पॉइंट बोअर मायक्रोमीटर (एकाच वेळी तीन जागी टेकून मोजणारं) आणलं. एका पोझिशनला ८०.०३५. साठ अंश फिरवलं, ७९.९८५. पन्नास मायक्रॉनचा फरक, आणि इतके दिवस दोन टोकांचा डायल आम्हाला सगळीकडे एकच आकडा दाखवत होता.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण हेच कळलं नाही तर बाकी सगळं वरवरचं आहे. तीन जॉ जॉबला तीन जागी आत दाबतात, त्यांच्या मधल्या तीन जागा बाहेर फुगतात. अशा दबलेल्या जॉबमध्ये बोअर मारला की तो चकमध्ये अगदी गोल येतो. चक उघडला की दबलेल्या जागा परत बाहेर सरकतात, फुगलेल्या आत येतात, आणि गोल बोअर तिकोनी होऊन बसतो. आता गंमत अशी की जॉ तीन असल्यामुळे प्रत्येक मोठ्या जागेच्या बरोब्बर समोर लहान जागा येते. दोन टोकांचा डायल समोरासमोर मोजतो, एका टोकाला साडेबारा मायक्रॉन जास्त, दुसऱ्या टोकाला साडेबारा कमी, बेरीज तीच. प्लगला मात्र आतल्या तिन्ही उंचवट्यांना एकदमच सामोरं जावं लागतं. म्हणून तीन जॉच्या चकवरच्या जॉबचा गोलपणा दोन टोकांच्या डायलने कधीच पास करू नका. थ्री पॉइंट वापरा, साठ अंश फिरवून दोन रीडिंग घ्या. वाइसमध्ये (टेबलावरचा शिकंजा) किंवा दोन जॉमध्ये धरलेला जॉब लंबगोल होतो, तो डायलला लगेच सापडतो, घात करतं ते हे तिकोनीपण.

आणि भिंतीचं गणित असं आहे की भिंत अर्धी झाली तर तेवढ्याच जोराला जॉब साधारण आठपट वाकतो, जाडीचा घन लागतो तिथं. व्यास वाढला तरी तसंच, त्याचाही घन. म्हणजे ५० व्यासाच्या बुशला जे प्रेशर चाललं ते त्याच भिंतीच्या १०० व्यासाच्या बुशला चालेल असं समजू नका, फार मोठी चूक होते.

खरंच आवळल्यामुळेच होतंय का, हे आधी बघा

जॉब वाकडा येण्याची दोन मोठी कारणं असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा. एक म्हणजे आवळणं. दुसरं म्हणजे मटेरियलमध्येच आधीपासून ताण बसलेला असतो, वरचा थर काढला की तो मोकळा होतो आणि जॉब पिळतो, कोल्ड रोल्ड पट्टीत आणि वेल्डिंग केलेल्या जॉबमध्ये हे फार. दोन्हीकडे बाहेर काढल्यावर जॉब वाकडाच दिसतो, म्हणून लोक गोंधळतात.

ओळखायची पद्धत सोपी आहे. कट न मारता जॉब धरा. लेथवर असेल तर मोकळ्या जॉबचं थ्री पॉइंट रीडिंग घ्या, मग चक बंद करून परत घ्या. मिलिंगवर असेल तर जॉबच्या मधोमध डायल टेकवा, शून्य करा, आणि वाइस किंवा क्लॅम्प हळूहळू आवळत काट्याकडे बघत राहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा १२ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट वाइसमध्ये होती, हँडल हातानेच फिरवत होतो, सुरुवातीला काटा गप्प, मग ५, ८ मायक्रॉन, आणि शेवटचा पाव फेरा दिला तसा काटा एकदम ४० वर गेला. प्लेटचं पोट वर आलं होतं. त्या वर आलेल्या पोटावर आम्ही रोज फेस सपाट मारत होतो आणि जॉब सोडल्यावर मधे खड्डा का पडतो म्हणून कटरला दोष देत होतो.

आवळतानाच काटा हलला तर दोष क्लॅम्पिंगचा. आवळताना काटा हललाच नाही, पण मशिनिंग झाल्यावर सोडताना हलला, तर संशय मटेरियलवर घ्या, प्रेशर कमी करून काही होणार नाही, रफिंग (पहिला जाड कट) करून जॉब मोकळा सोडा आणि मग फिनिश (शेवटचा बारीक कट) करा. दोन्ही एकत्र असतील तर आधी क्लॅम्पिंग सरळ करा, मग उरेल ते दुसरं.

किती जोर लागतो, जरा कागदावर

जास्त आवळण्याचं मूळ कारण भीती आहे. एकदा कधीतरी जॉब सुटलेला असतो, काच फुटलेली असते, तेव्हापासून सगळे चार आणे जास्तच आवळतात, आणि नवा पोरगा आला की तो त्यांचं बघून आणखी चार आणे. आमच्याकडे वाइसच्या हँडलला लावायला एक पाईप होता. तो कुणी आणला माहीत नाही, पण काढायचा कुणी नाही.

ही भीती खोटी नाहीये, पण तिला आकडा द्या. साध्या स्टीलला कटच्या दर चौरस मिलिमीटरला साधारण २००० न्यूटन धरा. रफिंगला डेप्थ (कटची खोली) २ मिलिमीटर, फीड (दर फेऱ्याला टूल सरकतं ते अंतर) ०.२, म्हणजे ०.४ चौरस मिलिमीटर, म्हणजे ८०० न्यूटन. गुळगुळीत सॉफ्ट जॉची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.२ धरली आणि अडीचपट सेफ्टी घेतली तर तिन्ही जॉ मिळून १०,००० न्यूटन, म्हणजे एक टनाच्या आसपास. आता फिनिशला डेप्थ ०.२, फीड ०.१. बारीक चिपला दर जास्त पडतो, ३००० धरा, तरी कट ६० न्यूटनचा, आणि त्याच हिशोबाने लागणारी पकड ७५० न्यूटन. रफिंगच्या तेराव्या भागाइतकी. आणि आपण काय करतो, तर रफिंगला लावलेल्या पूर्ण जोरावरच फिनिश कट मारतो, म्हणजे ज्या कटला सगळ्यात कमी पकड लागते आणि सगळ्यात जास्त गोलपणा लागतो तोच कट आपण पिळलेल्या जॉबवर घेतो.

म्हणून माझ्या मते सगळ्यात फायद्याचा एकच बदल कुठला असेल तर रफिंग झाल्यावर चक उघडायचा, जॉबला श्वास घेऊ द्यायचा, आणि कमी प्रेशरने परत धरून फिनिश मारायचा. प्रोग्रॅममध्ये दोन प्रेशरची सोय असेल तर उत्तम, नसेल तर दोन ऑपरेशन करा. सायकल टाइम वाढतो म्हणून प्लॅनिंगवाले ओरडतील, त्यांना रिजेक्शनचा ढीग दाखवा.

इथं थांबून एक गोष्ट, आणि ही हलक्यात घेऊ नका. लेथवर प्रेशर नुसतं डोळे मिटून कमी करायचं नाही. चक फिरायला लागला की जॉ स्वतःच्या वजनाने बाहेर ओढले जातात आणि बाहेरून धरलेल्या जॉबवरची पकड कमी होते, आणि ती आरपीएमच्या वर्गाने कमी होते, १००० चे २००० केले तर घट चौपट. म्हणजे उभ्या चकमध्ये भक्कम वाटणारा जॉब फिरताना मोकळा असू शकतो. चकच्या पुस्तकात आरपीएम आणि पकडीचा ग्राफ असतो, कमीत कमी प्रेशरही लिहिलेलं असतं, ते दोन्ही बघूनच खाली या, आणि प्रेशर उतरवलं की आरपीएमही उतरवा. जॉब आतून धरला असेल तर उलटं, फिरताना पकड वाढते, तिथं पातळ बुश फुगतो.

खाली येताना एकेक बारने या. दर वेळी जॉ आणि जॉब दोघांवरून मार्करने एक बारीक आडवी रेघ ओढा, कट मारा, मशीन थांबल्यावर रेघ बघा. रेघ तुटलेली दिसली तर जॉब सरकलाय, तिथून परत वर जा. जॉबचं बूड जॉच्या खांद्याला नीट टेकलेलं असू दे, म्हणजे ढकलणारा जोर खांदा सोसेल. फिनिशला धारदार, पॉझिटिव्ह इन्सर्ट आणि लहान नोज रेडियस (टोकाची गोलाई) घेतला की जॉबला बाजूने ढकलणं कमी होतं, तेवढीच पकड कमी लागते.

मग परत का आलं

आम्ही फिनिशचं प्रेशर १८ वरून ७ बारवर आणलं, फरक ५० मायक्रॉनवरून २० वर आला, प्लग जायला लागला, सगळे खूश. तीन आठवड्यांनी परत प्लग अडला. प्रेशर बघितलं, ७ बारच. कोणी हात लावलेला नाही. थ्री पॉइंटवर फरक ३५.

दिवसभर डोकं खाल्लं. संध्याकाळी मेंटेनन्सच्या काकांना सहज विचारलं, ‘काका, या मशीनला काही केलं का हो?’ ते म्हणाले, ‘काही नाही रे, सुट्टीच्या दिवशी चक खोलून धुतला, ग्रीस भरलं. किती महिने कोरडाच चालवत होतात तुम्ही!’

तर ते असं होतं. कोरड्या चकमध्ये प्रेशरचा बराचसा जोर आतल्या घर्षणातच खपतो, जॉबपर्यंत पोचतच नाही. कोरडा पडत गेला की जॉब सरकायला लागतो, मग ऑपरेटर प्रेशर वाढवतो, आणि एक दिवस कोणीतरी इमानदारीने ग्रीस भरतं की त्याच प्रेशरला जॉबवर जवळजवळ दुप्पट जोर. गेजवरचा आकडा तोच, पकड वेगळी. आमचा ‘परत परत’ येणारा प्रॉब्लेम बहुतेक इथूनच येत होता. आता ग्रीस रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या स्ट्रोकने मारतो, चक कायम एकाच अवस्थेत असतो, आणि त्या अवस्थेत प्रेशर नव्याने ५ बारला लावलं, आमच्या चकच्या पुस्तकातल्या किमान आकड्याच्या वर राहून. ज्यांच्याकडे पकड मोजायचं मीटर आहे, जॉमध्ये धरून थेट न्यूटन दाखवणारं, त्यांनी ग्रीसच्या आधी आणि नंतर एकदा मोजून बघाच.

दुसरं एक छुपं कारण: प्रेशर स्विच. चक बंद झाला हे मशीनला कळायला लाइनमध्ये स्विच असतो, तो जुन्या जास्त प्रेशरला लावलेला असेल तर तुम्ही प्रेशर उतरवलं की अलार्म येतो. रात्रपाळीचा माणूस काय करणार, तो प्रेशर परत वर नेऊन अलार्म घालवतो आणि सकाळी आपण म्हणतो काल तर नीट होतं. प्रेशर बदललं की स्विचही बदलून घ्या, पण तो काढून टाकू नका किंवा बायपास करू नका, खरंच पकड गेली तर तोच वाचवतो.

सॉफ्ट जॉही एकदा बघा. ते ज्या प्रेशरला जॉब धरणार त्याच प्रेशरला, मधे रिंग धरून बोअर केलेले हवेत आणि जॉबच्याच मापाचे. जॉचा बोअर लहान पडला तर जॉब कडांवर टेकतो, मोठा झाला तर मधल्या रेघेवर, दोन्हीकडे जोर एका जागी एकवटतो. रुंद, जॉबला वेढून धरणारे जॉ केले तर तेवढ्याच जोराला तिकोनीपण बरंच कमी होतं. सहा जॉचा चक मिळत असेल तर पातळ रिंगांना तो वेगळीच मजा देतो.

वाइस आणि पट्टी क्लॅम्पवाल्यांसाठी

बोल्टचं आवळणं हातावर सोडलं की प्रत्येक हाताचा जोर वेगळा. टॉर्क रेंच आणा, पण त्यातही ग्रीससारखीच मेख आहे. एम १२ चा बोल्ट ४० न्यूटन-मीटरला आवळला, आटे कोरडे असतील तर बोल्टमध्ये साधारण १६,५०० न्यूटन येतात. त्याच आट्यांना तेल लावलं आणि टॉर्क तोच ठेवला तर २२,००० च्या घरात जातात. म्हणून टॉर्कचा आकडा लिहिताना ‘तेल लावून’ की ‘कोरडा’ हेही लिहा, नाहीतर तो आकडा अर्धवटच.

पट्टी क्लॅम्पमध्ये (पट्टीचं एक टोक जॉबवर, दुसरं मागच्या ब्लॉकवर, मधे बोल्ट) बोल्ट जॉबच्या जवळ घ्यायचा असतो. बोल्ट मधोमध असेल तर अर्धा जोर मागच्या ब्लॉकला जातो, ब्लॉककडे सरकला तर जॉबला उरतं ते फारच थोडं, आणि मग माणूस आवळतच सुटतो. मागचा ब्लॉक जॉबपेक्षा केसभर उंच हवा. आणि जिथं पट्टी दाबते त्याच्या बरोब्बर खाली टेकू हवा. खाली पोकळ जागा आणि वरून क्लॅम्प, यासारखी जॉब वाकवायची खात्रीची पद्धत नाही. कास्टिंगचं बूड सपाट नसतंच, चौथ्या कोपऱ्याखाली फीलर गेज घालून बघा, ०.१५ ची फट निघाली तर ०.१५ ची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) सरकवा आणि मग आवळा. आवळून फट बंद करायची नाही, सोडल्यावर ती फट वरच्या फेसवर निघते.

वाइसमध्ये कटचा जोर स्थिर जॉकडे जाईल असा जॉब लावा, जमलं तर शेवटी एक स्टॉपर ठेवा, म्हणजे क्लॅम्पला नुसतं धरायचं काम राहतं. जॉब आवळल्यावर नायलॉनच्या हातोड्याने ठोकून पॅरलल (जॉबखालच्या टेकूच्या पट्ट्या) हलतात का बघतात, हलले की अजून आवळतात, हे चूक आहे. पॅरलल बहुतेक वेळा आवळताना हलता जॉ वर उचलला गेल्यामुळे सुटतो, जास्त आवळून तो आणखी सुटेल. थोडा ढिला करा, ठोका, मग मापात आवळा. फारच पातळ प्लेट असेल तर वाइसचा नाद सोडा, व्हॅक्यूम बघा. हवेचा दाब बघता दर चौरस सेंटिमीटरला प्रत्यक्षात ७-८ न्यूटन मिळतात, म्हणजे २०० बाय १५० च्या प्लेटला २००० न्यूटनच्या वर, आणि ते सगळीकडे सारखे. मात्र हा जोर प्लेटला खाली दाबतो, आडवं सरकणं अडवायला बाजूला स्टॉपर लागतोच.

टॉगल क्लॅम्पमध्ये हँडल शेवटच्या टप्प्यात येतं तिथं जोर झपकन वाढतो, त्यामुळे कच्च्या मालाची जाडी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी एक जॉब ढिला आणि पुढचा दबलेला. टोकाला रबर किंवा स्प्रिंग लावा. हवेच्या सिलिंडरला स्वतंत्र रेग्युलेटर द्या, ६३ बोअरचा सिलिंडर ६ बारला साधारण १८५० न्यूटन देतो आणि ४ बारला १२५०, मेन लाइनचं प्रेशर दिवसभरात जसं वरखाली होईल तशी तुमची पकडही होणार.

सरफेस ग्राइंडिंगवाले विचारतील आमचं काय, आमच्याकडे तर पानाच नाही. मॅग्नेटही तेच करतो. वाकडी पट्टी पूर्ण मॅग्नेटवर टाकली की ती चिकटून सरळ होते, सरळ ग्राइंड होते, मॅग्नेट बंद केला की मूळच्या वाकात परत जाते. मॅग्नेट कमीत कमी लावा, फटीत शिम घाला, पुढे अडवायला ब्लॉक लावा, आणि हलके हलके कट घेत पट्टी दर वेळी उलटा.

आमच्या मशीनवर आता सेटअप शीटमध्ये तीन आकडे जास्त आहेत: रफिंगचं प्रेशर, फिनिशचं प्रेशर, आणि पहिल्या जॉबचा साठ अंशातला फरक. फरक २० च्या वर गेला की लाइन थांबते आणि पहिला प्रश्न असतो, चकला शेवटचं ग्रीस कधी मारलं.